ती डबी फेकू नका

ईश्वरपूर (इस्लामपूर) शहर, वाळवा आणि शिराळा तालुक्यांतले नागरिक, औषध दुकानदार, वैद्य, डॉक्टर आणि फार्मसीचे विद्यार्थी यांना तातडीचं आवाहन

तुमच्या घरात कुणी सांधेदुखीची पुडी घेतंय का? साखर ‘मुळापासून’ घालवणारी पावडर, कुरिअरनं आलेल्या ताकदीच्या गोळ्या, नवऱ्याच्या नकळत भाजीत कालवायचं दारू सोडवण्याचं औषध, पोराची उंची वाढवणारा डबा? यातलं काही असेल तर आज दोन गोष्टी करा. त्या औषधाची डबी, वरचं खोकं, आतली घडी घातलेली चिठ्ठी आणि बिल मिळालं असेल तर बिल, हे सगळं एका पिशवीत घालून ठेवा. औषध संपलं असलं तरी रिकामी डबी ठेवा, घंटागाडीत टाकू नका. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पुडी बरेच दिवस चालू असेल तर हे वाचून आजच्या आज ती बंद करू नका. डबी घेऊन आधी डॉक्टरांकडं जा.

दुसऱ्या गोष्टीचं कारण आधी सांगतो, कारण त्यात जिवाला धोका आहे.

आपल्या भागात गुडघे आणि कंबर दुखणं काही नवलाचं नाही. ऊस, भांगलण, रात्रीचं पाणी पाजणं, डोक्यावर वैरणीचे भारे. पन्नाशीनंतर शरीर त्याचा हिशेब मागतंच. अशा माणसाला कुणीतरी पुडी आणून देतं. कधी बाजारातून, कधी जत्रेतून, कधी एसटी स्टँडबाहेरच्या टेबलावरून आणि हल्ली बहुतेकदा मोबाइलवरच्या जाहिरातीतून. वर्षभर भिंतीला धरून चालणारी आजी तिसऱ्या दिवशी ताठ चालायला लागते आणि घरात त्या पुडीचा जयजयकार होतो. शेजारच्या दोन घरांत तिचा पत्ता जातो. पण जडीबुटी इतक्या घाईनं काम करत नाही. अशा पुड्या ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांत पुन्हा पुन्हा सापडलं ते डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन यांसारखं स्टेरॉइड, नाहीतर डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक. साखरेच्या ‘शुद्ध वनस्पती’ पावडरीत ग्लिबेनक्लामाइड सापडलं आहे आणि ताकदीच्या कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल. लेबलवर मात्र अश्वगंधा, शल्लकी, गुडमार आणि ठळक अक्षरांत ‘कोणताही साइड इफेक्ट नाही’.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. दम्याच्या मोठ्या झटक्यात तेच माणसाला परत आणतं. पण डॉक्टर ते मोजून देतात आणि बरेच दिवस दिलेलं असेल तर हळूहळू कमी करत थांबवतात. तेच महिनोन्‌महिने नकळत पोटात गेलं की चेहरा गोल होतो (घरचे म्हणतात, तब्येत सुधारली), साखर वाढते, रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात, मांड्यांतली ताकद जाते, साधी जखम चिघळते. शिवाय शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवत जातं. अशा वेळी पुडी एकदम बंद केली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस ग्लानीत जातो आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर दगावूही शकतो. म्हणून डॉक्टरांसमोर पुडी ठेवा आणि किती दिवस घेतली ते खरं सांगा. चार बोल ऐकावे लागतील, ऐकून घ्या.

साखरेच्या पुडीत छुपी गोळी असली आणि दवाखान्यातली गोळीही चालू असली, तर साखर इतकी खाली जाते की माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. दारू सोडवण्याच्या पुडीची गोष्ट तर त्याहून अवघड. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस वरून प्यायला, तर छाती धडधडते, दम लागतो, रक्तदाब उतरतो. हृदय कमजोर असेल तर जिवावर बेतू शकतं. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. माझ्या बहिणींनो, ज्या संसाराच्या काळजीनं तुम्ही ती पुडी आमटीत घालता, ती काळजी खरी आहे. पुडी विकणाऱ्याला मात्र त्या काळजीतून फक्त गिऱ्हाईक दिसतं.

आता डबीकडे येतो.

लेबलवर दोन प्रकारचं खोटं लिहिता येतं. आत काय आहे याबद्दलचं आणि त्यानं काय होईल याबद्दलचं. जगभरच्या सरकारांना पहिलं खोटं लवकर कळलं, दुसरं पकडायला वेळ लागला. अमेरिकेत १९०६ साली औषधांच्या लेबलचा कायदा झाला आणि बाटलीत मॉर्फिन, कोकेन, अल्कोहोल असेल तर ते लिहिणं बंधनकारक झालं. दात येणाऱ्या बाळांना शांत करायला आया जे सरबत पाजत होत्या, त्यात मॉर्फिन आहे हे तेव्हा पहिल्यांदा लेबलवर आलं. पण १९११ मध्ये कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जॉन्सन नावाच्या औषधवाल्याचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालय म्हणालं की कायदा आत काय आहे याबद्दलच्या खोट्यापुरता आहे, गुणाच्या दाव्याला तो लागू नाही. औषधवाला सुटला. पुढच्याच वर्षी कायदा बदलावा लागला.

आपल्याकडं दोन्ही खोट्यांसाठी स्वतंत्र कायदे आहेत. कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या समितीनं १९३०-३१ मध्ये देशातल्या औषधबाजाराची पाहणी केली. तिच्यामागून १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आला. लेबलवर एक आणि आत दुसरंच असेल, तर तो या कायद्याखाली गुन्हा आहे. अशा बनावट किंवा भेसळीच्या इंग्रजी औषधानं मृत्यू आला किंवा गंभीर इजा झाली, तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान दहा लाख रुपये दंड आहे. दुसऱ्या खोट्यासाठी १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, रक्तदाब, पक्षाघात, मोतीबिंदू, मुतखडा, लठ्ठपणा, वंध्यत्व, लैंगिक दुर्बलता, उंची अशा ५४ नोंदींची यादी त्यात आहे. या विकारांवर आमचं औषध उपाय आहे, अशी जाहिरात लोकांपुढं करणं हाच गुन्हा. औषध खरं की खोटं, आयुर्वेदिक की इंग्रजी, हा प्रश्नच तिथं येत नाही. तावीज, मंत्र, कवच विकणारेही त्यात येतात. या कायद्याला आव्हान दिलं गेलं, तेव्हा हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी धंदेवाईक जाहिरात म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य नव्हे. काही कलमं तेव्हा रद्द झाली, कायदा मात्र टिकला. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस ठाण्यातही त्याची फिर्याद घेता येते.

तरी गल्लीतल्या भिंतीवर, केबलवर, रिक्षाच्या मागं, मोबाइलवर ही जाहिरात राजरोस चालू आहे. पहिल्या गुन्ह्याला फार तर सहा महिने, पुन्हा केला तर एक वर्ष. कैदेऐवजी नुसता दंडही होऊ शकतो. कोट्यवधींच्या धंद्याला हे चिल्लर वाटतं. माझ्या मते हा कायद्यातला मोठा दोष आहे. पण तो दिल्लीत दुरुस्त व्हायचा आहे. आपल्या हातात आहे ती डबी, आणि आजवर आपणच ती फेकत आलो आहोत.

औषध निरीक्षक कसं काम करतो, हे समजून घ्या. तुम्ही नेऊन दिलेल्या फोडलेल्या पुडीवरून तो थेट खटला भरू शकत नाही. विकणारा म्हणेल, ह्यांनीच त्यात काही मिसळलं. निरीक्षकाला त्याच बॅचचा बंद माल दुकानातून किंवा गोदामातून रीतसर घ्यावा लागतो, किंमत देऊन पावती करावी लागते, नमुन्याचे भाग करून दुकानदारासमोर लाखेनं सीलबंद करावे लागतात. एक भाग दुकानदाराकडं राहतो, एक सरकारी विश्लेषकाकडं जातो, एक न्यायालयासाठी ठेवला जातो. तक्रार खरी असली तरी त्या बॅचचा माल विकून संपला असेल, तर निरीक्षकाच्या हाती काही लागत नाही. म्हणून मी ‘तातडीचं’ म्हणतोय. बॅच क्रमांक डबीवर असतो, दुकान बिलावर असतं. डबी गेली, बिल नाही, आणि दोन महिन्यांनी ‘साहेब, मागं एक पुडी घेतली होती’ असं सांगितलं, तर सरकारनं शोधायचं तरी काय?

सोयाबीन उगवलं नाही तर आपला शेतकरी काय करतो? बियाण्याची पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर उरलेलं बी घेऊन कृषी कार्यालय गाठतो. हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. पोटात जाणाऱ्या वस्तूबद्दल तोच माणूस इतका बेफिकीर का होतो, याचं उत्तर मला लाजेत दिसतं. बी न उगवण्याची लाज नसते. मूल होत नाही, अंगात ताकद नाही, घरचा माणूस पितो, मुलीच्या अंगावर पांढरे डाग आहेत, याची असते. खोटं लेबल ह्याच लाजेवर जगतं. डबी कागदात गुंडाळून कोपऱ्यावरच्या कोंडाळ्यात टाकली जाते, आणि विकणाऱ्याविरुद्धचा एकुलता एक पुरावा आपणच नष्ट करतो. तक्रारीत आजाराचं नाव, घरची हकिकत लिहायची गरज नाही. औषधाचं नाव, बॅच, कुठून घेतलं आणि जाहिरात काय म्हणते, एवढं पुरतं.

पुरावा हातात राहिला तर काय घडतं, याचं जुनं उदाहरण १९३७ चं आहे. अमेरिकेत सल्फानिलामाइड नावाचं औषध एका कंपनीनं डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं, रासबेरीची चव दिली आणि ‘एलिक्झिर’ म्हणून विकलं. डायइथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंड निकामी करतं. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत पुष्कळ लहान मुलं होती. त्या काळी औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित आहे का, हे तपासण्याचा कायदा नव्हता. कंपनीला धरता आलं ते एका तांत्रिक मुद्द्यावर: एलिक्झिर म्हटलं की त्यात अल्कोहोल हवं आणि ह्यात ते नव्हतं, म्हणून लेबल खोटं. पण त्याआधी सरकारी निरीक्षक दुकानांच्या वह्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, घरांचे पत्ते धुंडाळत गावोगाव फिरले, आणि तयार झालेल्या २४० गॅलनपैकी सुमारे २३४ गॅलन त्यांनी परत मिळवले. उरलेल्या थोड्याशानं शंभर घरं बसली. सगळं प्यायलं गेलं असतं तर काय झालं असतं, ह्याचा विचार करा.

हेच डायइथिलीन ग्लायकॉल १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल म्हणून रुग्णांच्या पोटात गेलं आणि १४ माणसं मेली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं तेव्हा औषध प्रशासनातल्या भ्रष्टाचाराची लक्तरं वेशीवर टांगली. आणि पुन्हा तेच २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या खोकल्याच्या औषधानं लहान मुलांची मूत्रपिंडं बंद पडली, कित्येकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणलं गेलं. वीसहून जास्त मुलं गेली. तमिळनाडूतल्या सरकारी तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. चालतं ते जास्तीत जास्त ०.१ टक्के. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं तातडीनं लोकांना सांगितलं: एसआर-१३ बॅचचं कोल्ड्रिफ असेल तर वापरू नका, आम्हाला कळवा. त्या दिवशी ज्या घरात औषध पाजून बाटली-खोकं फेकून दिलं होतं, त्यांनी काय ताडून पाहायचं?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, बारामतीत पोलिसांनी एक टोळी पकडली. रेमडेसिव्हिरच्या रिकाम्या कुप्या गोळा करून त्यात पॅरासिटामॉलचं द्रावण भरायचं आणि चढ्या दरानं विकायचं, हा तिचा धंदा. लेबल अगदी अस्सल होतं, आतलं खोटं. म्हणून डबी जपा म्हणतो, तेव्हा तिचा उपयोग संपल्यावर ती तशीच भंगारात द्या असं म्हणत नाही. लेबल फाडा, बाटली फोडा आणि मग टाका. आणि सरकारी दवाखान्यातलं म्हणून निर्धास्त राहण्याचेही दिवस नाहीत. नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधाचा कणही नव्हता, हरिद्वारमधल्या प्राण्यांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत टाल्कम पावडर आणि स्टार्च दाबून त्या बनवल्या होत्या, असं पोलिसांनी २०२४ मध्ये आरोपपत्रात मांडलं. त्याच वर्षाअखेर अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयातल्या बनावट ॲझिथ्रोमायसिनचं प्रकरण बाहेर आलं. हे कळलं ते कुणीतरी नमुना घेऊन तपासायला पाठवला म्हणूनच.

सरकार कारवाई करतं का? करतं. कधी हलवून जागं केल्यावर, कधी अर्ध्यावर थांबून. कण्णूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. के. व्ही. बाबू यांनी २०२२ पासून पतंजली समूहाच्या दिव्य फार्मसीच्या जाहिरातींविरुद्ध तक्रारी करायला सुरुवात केली. काचबिंदू, मधुमेह, रक्तदाब यांवरच्या त्या जाहिराती त्यांनी एकेक करून सरकारकडं पाठवल्या, माहिती अधिकारात अर्ज टाकले, उत्तर आलं नाही की पुन्हा टाकले. त्याच वर्षी डॉक्टरांची संघटना, इंडियन मेडिकल असोसिएशन, सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२४ मध्ये न्यायालयानं कंपनीला वृत्तपत्रांतून जाहीर माफी मागायला लावली आणि उत्तराखंडच्या परवाना अधिकाऱ्यांची झोपेबद्दल कडक शब्दांत हजेरी घेतली. तेव्हा कुठं एप्रिलमध्ये १४ उत्पादनांचे परवाने निलंबित झाले. मेमध्ये त्याच सरकारनं स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. असा हा सरकारी हात. वर जातो, खाली येतो. तो वर ठेवायचा तर खालून कागद येत राहावे लागतात.

त्याच प्रकरणात २६ मार्च २०२५ रोजी न्यायालयानं सगळ्या राज्यांना आदेश दिला: १९५४ च्या कायद्याखाली लोकांच्या तक्रारी घेण्याची यंत्रणा दोन महिन्यांत उभी करा आणि ती लोकांना माहीत करून द्या. मे २०२५ मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयानं ‘आयुष सुरक्षा’ नावाचं संकेतस्थळही सुरू केलं. त्यावर फसव्या जाहिरातींची आणि औषधाच्या दुष्परिणामांची तक्रार करता येते. सरकारकडं माझी मागणी साधी आहे. तक्रार कुठं, कुणाकडं, कशी करायची, हे मराठीत लिहिलेला फलक इस्लामपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, नगरपरिषदेत, तहसील कचेरीत आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावा. आणि तालुक्यात घेतलेल्या नमुन्यांचे निकाल जाहीर करा. नमुना घेतल्याची बातमी येते, निकालाची येत नाही, म्हणून तक्रार करणारा पुढच्या वेळी गप्प बसतो.

लेबल कसं वाचायचं, तेही सांगतो. आयुर्वेदिक औषधावर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख आणि आतल्या सगळ्या घटकांची यादी असायलाच हवी. ‘गुप्त फॉर्म्युला’, ‘बारा दुर्मीळ वनस्पती’ असं मोघम लिहिणं म्हणजे यादी नव्हे. ‘पेटंट’ किंवा ‘जीएमपी’ या शब्दांनी भुलू नका. हे औषध तुमचा आजार बरा करतं, असं सरकारनं सांगितल्याचा तो दाखला नाही. परवाना क्रमांकाच्या जागी १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक दिसला, तर ती वस्तू कायद्यानं खाण्याचा पदार्थ आहे. हा हल्लीचा फार चालणारा डाव आहे: औषधाच्या तपासण्या टाळायच्या म्हणून अन्न म्हणून नोंद करायची आणि मधुमेहाचं औषध म्हणून खपवायची. अन्नपदार्थानं रोग बरा होतो असं म्हणणं हाही गुन्हाच आहे आणि फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. इंग्रजी औषधांपैकी खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनांवर १ ऑगस्ट २०२३ नंतर बनलेल्या मालापासून क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. तो मोबाइलवर तपासा, तुम्हाला जमत नसेल तर नातवाला सांगा. शिवाय विकत घेतलेलं इंग्रजी औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क १९४० च्या कायद्याच्या २६व्या कलमानं प्रत्येक गिऱ्हाइकाला दिला आहे. हा हक्क वापरणारा माणूस शोधून सापडत नाही.

हे आयुर्वेदाविरुद्ध नाही, हे वेगळं सांगायला लागू नये, पण सांगतो. पुडीत डेक्सामेथासोन मिसळणारा आयुर्वेदाचा पहिला शत्रू आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टनमधल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं आणि त्याची किंमत इथं प्रामाणिकपणे काढे उकळणाऱ्या वैद्यांनी मोजली. आष्ट्याच्या अण्णासाहेब डांगे आयुर्वेद महाविद्यालयातले प्राध्यापक, तालुक्यातले वैद्य, तुम्हीच पहिल्यांदा बोललं पाहिजे. रुग्ण पुडी घेऊन आला की नुसतं ‘हे घेऊ नका’ म्हणून परत पाठवू नका. तिचा फोटो घ्या, बॅच लिहून घ्या, कळवा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००१८०३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते. डॉक्टरांना हा क्रमांक माहीत असतो, लोकांना नसतो.

औषध दुकानदारांनो, तुमच्यातले बहुतेक जण सचोटीनं धंदा करतात, हे मी जाणून आहे. पण स्वस्तात आणि बिलाशिवाय येणारा माल नाकारा. निरीक्षकानं विचारलं की माल कुणाकडून घेतला, हे सांगणं तुम्हाला कायद्यानं भाग आहे, आणि बिल नसेल तर पुढची सगळी गाडी तुमच्यापाशीच थांबते. गिऱ्हाइकानं मागितलं नाही तरी बॅच क्रमांक घातलेलं बिल द्या. कासेगावच्या राजारामबापू कॉलेज ऑफ फार्मसीतल्या मुलांना माझं खास सांगणं आहे. बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडा, संभूआप्पा-बुवाफन उरुसाच्या गर्दीत एक मांडा. लोक डबी घेऊन येतील, तुम्ही लेबल वाचून दाखवा आणि तक्रारीचा अर्ज लिहून द्या. परीक्षेच्या जर्नलपेक्षा ह्यात जास्त फार्मसी आहे. स्थानिक वृत्तपत्रांच्या आणि केबलच्या मालकांनाही हात जोडून विनंती, की जाहिरात घेण्याआधी ५४ नोंदींची ती यादी एकदा नजरेखालून घाला. जाहिरात छापण्यात भाग घेणारा कायद्याच्या कचाट्याबाहेर नाही.

सापडलेल्या पुडीवरून कुणा विक्रेत्याला बाजारात मारहाण करू नका, त्याचा व्हिडिओ फिरवू नका. त्यानं तो सावध होतो, माल हलवतो, आणि प्रयोगशाळेचा निकाल येण्याआधी आपणच न्यायाधीश होऊन बसतो. पुडी संशयास्पद आहे, एवढंच तुम्हाला माहीत असतं. दोष ठरवायचं काम विश्लेषकाचं आणि न्यायालयाचं आहे.

तक्रार अशी करा. अन्न व औषध प्रशासनाचं जिल्हा कार्यालय सांगलीत आहे. सहायक आयुक्त (औषधे) यांच्या नावे साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहा. औषधाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, परवाना आणि बॅच क्रमांक, दोन्ही तारखा, कुठून आणि कधी घेतलं, किती पैसे दिले, काय त्रास झाला. जाहिरात असेल तर तिचं कात्रण जोडा, मोबाइलवर असेल तर तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. कुरिअरनं आलं असेल तर पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता आणि ज्या क्रमांकावरून ‘डॉक्टर’ बोलले तो क्रमांकही द्या. अर्जाची पोच घ्या, ती नसेल तर अर्जाचं पुढं काय झालं, हे माहिती अधिकारात विचारणं अवघड जातं. डबी मूळची देऊ नका, मागितलीच तर पावती घेऊन द्या आणि फोटो आपल्याकडं ठेवा. सांगलीचा हेलपाटा जमत नसेल तर प्रशासनाचा राज्याचा मोफत दूरध्वनी आहे, १८००२२२३६५. फोन लावण्याआधी डबी समोर ठेवा आणि चष्मा लावा, बॅच क्रमांक फार बारीक छापलेला असतो.